नियोजित विद्यापीठाचा तपासलेला परिचय

एकतीस वर्षं नाशिक रोडच्या छापखान्यात काढूनही माझं नाव एकदासुद्धा छापून आलं नाही, ही गोष्ट मी आजवर फक्त तिघांजवळ बोललो आहे, आणि त्यातले दोघे मध्येच उठून गेले. लग्नपत्रिकेत आलं होतं, नाही असं नाही. पण ती सासऱ्यांनी छापली होती आणि तिच्यात माझ्या नावापेक्षा त्यांच्या मेहुण्यांची नावं ठळक होती, म्हणून ती मी धरत नाही.

माझं काम तपासनीसाचं. छापलेला कागद उजेडात धरायचा, रेघ सरकली असेल, शाई फुटली असेल, कुठे डाग असेल तर तो बाजूला काढायचा. गठ्ठा पाहून झाला की वर एक चिठ्ठी लावायची. तिच्यावर ‘तपासले’ असं लिहायचं आणि खाली आपला नंबर टाकायचा. नाव नाही, नंबर. माझा ४७. मग शेजारच्या टेबलावर केरू बसायचा, तो तोच गठ्ठा पुन्हा पाहून माझ्या नंबराखाली आपला ४६ टाकायचा. दोन्ही नंबर पडल्याशिवाय आमच्या टेबलावरून कागद हलत नसे. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी असे नंबर टाकले आणि त्या काळात एकमेकांशी जे बोललो ते सगळं मिळून एका पोस्टकार्डावर मावेल.

या कामाचा माणसाच्या स्वभावावर परिणाम होतो, असं माझी पत्नी उज्वला म्हणते. मी पापड उजेडात धरून बघतो. लग्नाच्या अल्बममधले चार फोटो मी बाद केलेले आहेत. “मला बघायला आला होतात तेव्हासुद्धा खिडकीकडे तोंड करून बसवलं होतंत,” हे तर ती येईल त्या पाहुण्याला सांगते. ते खरं आहे, पण त्या खोलीत उजेडच कमी होता.

दोन हजार साली मी निवृत्त झालो. त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी, जानेवारीत, माझी मुलगी तृप्ती एक कागद घेऊन घरी आली. ती आडगावच्या पुढे आग्रा रोडला ‘नवसाबाई इंटरनॅशनल बिझनेस युनिव्हर्सिटी’त मार्केटिंग शिकवत होती. फाटकावरच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत ‘नियोजित’ असा शब्द होता, पण तिथे कडुनिंबाची फांदी आली होती आणि ती छाटायला कोणाला सवड झाली नव्हती. मूळ चांदवडकडचे कांद्याचे व्यापारी सहादू अण्णा यांनी आईच्या नावाने ही संस्था काढली होती. तृप्ती तिथे दोन वर्षं तात्पुरती होती.

“बाबा, अण्णांना माहितीपत्रकात संस्थेचा परिचय छापायचा आहे. मुद्दे त्यांनी दिलेत. तुम्ही फक्त मराठी नीट करून द्या. दोन पानं. आणि ते म्हणालेत, खाली तुमचं नाव टाकू.”

मी चष्मा पुसला. “काय टाकू म्हणाले?”

“नाव. शब्दांकन अमुक-अमुक.”

उज्वला भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “झालं. आता हे जेवणार नाहीत.” मी जेवलो, पण मन कागदात होतं. ‘शब्दांकन : चंदर रामभाऊ ताजनपुरे’ हे मी पाठकोऱ्या कागदावर सहा प्रकारांनी लिहून पाहिलं. ‘चं. रा. ताजनपुरे’ आटोपशीर वाटलं, पण एकतीस वर्षं थांबल्यावर आटोपशीर कशाला, म्हणून पूर्ण ठेवलं.

बातमी कॉलनीत फुटली. शेजारचे शेखर गायधनी संध्याकाळी सल्ला घेऊन आले. गायधनी जीवन प्राधिकरणात होते. पाणी सोडून सर्व विषयांत त्यांना गती आहे.

“हे बघा ताजनपुरे, सुरुवातीला संस्कृत श्लोक पाहिजे. कुठलाही चालतो, कोणी वाचत नाही. मग एका झाडाखाली तीन मुलं हसताहेत असा फोटो. पैकी एक मुलगी, तिच्या हातात कॉम्प्युटर. आणि मजकुरात ‘उत्तुंग’ हा शब्द किमान चारदा.”

मी ‘उत्तुंग’ लिहून घेतला आणि अण्णांचा कागद समोर ओढला. पहिलाच मुद्दा होता : ‘पंधरा एकरांचा निसर्गरम्य परिसर.’ माझं पेन थांबलं. वाक्यात मराठीची चूक नव्हती. पण आपल्या नावाखाली पंधरा एकर जाणार आणि आपण ते पाहिलेलेसुद्धा नाहीत, हे मनाला पटेना. न बघता मी आयुष्यात काही पुढे सोडलेलं नाही. म्हटलं, एवढं एक बघून येऊ.

एवढं एक बघायला सात आठवडे लागले.

सातबारा उतारा तलाठ्याकडे. तलाठी जनगणनेवर. पहिल्या खेपेला कार्यालयाला कुलूप, दुसऱ्या खेपेला कुलूप आणि त्यावर चिठ्ठी, ‘जनगणनेस गेलो आहे.’ तिसऱ्या खेपेला मी त्यांना एका वस्तीवर गाठलं. त्यांनी मला खाटेवर बसवलं, कुटुंबप्रमुखाचं नाव विचारलं, घराला छप्पर कशाचं ते विचारलं, आणि मी मोजून घ्यायला नाही तर सातबाऱ्यासाठी आलोय हे कळल्यावर फार वाईट वाटल्यासारखा चेहरा केला. “साहेब, मग आधी नाय का सांगायचं? आता खाडाखोड झाली.” त्या खाडाखोडीची भरपाई म्हणून मी आणखी दोनदा गेलो. उतारा मिळाला. क्षेत्र दोन हेक्टर चाळीस आर, म्हणजे सहा एकर. पीक कांदा. विहीर तीन भावांत सामाईक.

आता पहिलाच मुद्दा असा निघाल्यावर बाकीचे सतरा डोळे मिटून कसे सोडायचे? मी एक फुलस्केप घेतला, मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘संस्थेचे म्हणणे’, उजवीकडे ‘प्रत्यक्ष तपासणी’. डबा घेऊन दोन बस बदलून मी रोज आग्रा रोडला जाऊ लागलो. वॉचमन मंगळू पहिले दोन दिवस मला आत सोडेना, तिसऱ्या दिवसापासून सलाम ठोकू लागला. कोणीतरी वरून तपासायला आलंय असा त्याचा समज झाला होता, आणि तो दूर करावा असं मला फारसं वाटलं नाही.

जलतरण तलाव मी तपासला. नैसर्गिक वातानुकूलित सभागृह तपासलं. ती कांदाचाळ निघाली. फळ्यांच्या फटींतून वारा असा सुंदर येत होता की दुपारी मी तिथे अर्धा तास पडलोसुद्धा, आणि तीही नोंद केली. भोजनगृहात ओळीने तीन दिवस जेवलो. मुलींच्या वसतिगृहात, तिथल्या देखरेखीच्या बाईंना बरोबर घेऊन, दारादाराच्या कड्या ओढून पाहिल्या. ‘शंभर टक्के नोकरी’ या मुद्द्यासाठी मागच्या वर्षी पास झालेल्या तेवीस जणांना तेवीस पोस्टकार्डं टाकली. अण्णा एकदा जीपमधून उतरताना भेटले.

“काय साहेब, दोन पानांना लय दिवस लागले?”

“तपासतोय, अण्णा.”

“तपासा, तपासा. प्रेसची माणसं. तुमी पास केलं म्हंजी आपल्याला बघायचं कामच नाय.”

फक्त एका ठिकाणी माझ्या हातून घरात अशांतता झाली. ‘तज्ज्ञ अध्यापकवर्ग’ तपासण्यासाठी मी वर्गांत मागच्या बाकावर बसलो. त्यात तृप्तीचा वर्ग आला. संध्याकाळी तिने माझा फुलस्केप पाहिला. उजव्या रकान्यात लिहिलं होतं : ‘मार्केटिंगच्या बाई तयारी करून येतात. वेग फार. आवाज चौथ्या बाकापुढे पोचत नाही.’

“बाबा! मला अजून कायमचं पत्र मिळालेलं नाही!”

“मी कुठे दाखवतोय कोणाला? हा तपासणीचा कागद आहे. छापायचा वेगळा.”

“आणि मी काही फार वेगात नाही बोलत!” हे वाक्य तिने इतक्या वेगात म्हटलं की मी उज्वलाकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

छापायचा कागद खरंच वेगळा होता. तपासणी पुरी झाल्यावर मी दोन पानांचा परिचय लिहिला. त्यात खोटं काही नव्हतं, पण खरंही अंगावर येणार नाही अशा बेताने घातलं होतं. ‘मोकळ्या शिवारात वसलेला परिसर’, ‘पोहण्याची सोय’, ‘हवेशीर सभागृह’. गायधनींसाठी एक ‘उत्तुंग’ घातला. आणि सर्वांत खाली, सहा प्रयत्नांनंतरच्या अक्षरात, माझं पूर्ण नाव. तपासणीच्या फुलस्केपखाली हात आपोआप गेला होता : ‘तपासले. ४७.’ परिचयाखालीही नंबर टाकायला गेलो आणि थांबलो. म्हटलं, आता नाव आहे की. नंबराचे दिवस गेले. तेव्हा मला छाती भरून आल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही.

चिठ्ठीशिवाय गठ्ठा पुढे सोडायचा नाही या सवयीने, तृप्तीला काय म्हणालो होतो ते विसरून, अण्णांनी पाहावं म्हणून मी दोन्ही कागद एका पाकिटात घालून तिच्याकडे दिले. अण्णा लासलगावला, कांद्याचा भाव हलत होता. त्यांनी पाकीट न फोडता बिटको चौकातल्या किशोरच्या छापखान्यात पाठवून दिलं.

सकाळी मी अंघोळीला गेलो असताना किशोरचा फोन आला. फोन उज्वलाने घेतला. मोरीच्या दाराशी येऊन ती म्हणाली, “अहो, ते छापखान्याचे विचारताहेत, पाकिटात दोन कागद आहेत. छापायचा कुठला?”

माझ्या डोळ्यांत साबण होता. अशा वेळी माणूस विचार करून उत्तर देत नाही, सवयीने देतो.

“ज्याच्यावर तपासल्याचा नंबर असेल तो पुढे जाईल! नंबर नसेल तो रद्द!”

तिने ते शब्दशः सांगितलं. आमच्या घरात निरोपात बदल करण्याची पद्धत नाही.

तीन हजार प्रती छापल्या गेल्या आणि रविवारच्या पेपरात घालून नाशिक रोडपासून सिडकोपर्यंत आणि तिकडे चांदवडपर्यंत घरोघर गेल्या. गायधनी सात वाजता चपला न घालता आले. त्यांच्या हातात गुळगुळीत कागदावर, बहुरंगी छपाईत, माझा फुलस्केप होता. मधली रेघसुद्धा होती, सोनेरी केलेली. गायधनींनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘संस्थेचे म्हणणे : जलतरण तलाव. प्रत्यक्ष तपासणी : विहीर. तीन भावांत सामाईक. फेब्रुवारीपर्यंत पोहण्याइतके पाणी. दोर भक्कम.’ हे काय आहे, ताजनपुरे? ‘नैसर्गिक वातानुकूलित सभागृह : कांदाचाळ. वारा उत्तम, झोप लागते. मे ते ऑक्टोबर कांदा भरलेला असतो. नंतर रिकामी, वास राहतो. आंतरराष्ट्रीय अध्यापक : एक. अण्णांचा भाचा, दुबईला गोदामात असतो. डिसेंबरात आला तेव्हा तासभर बोलला. मुलांना आवडले.’”

तृप्ती आतून आली, तिने कागद घेतला, चौथ्या बाकापर्यंत वाचला आणि परत आत जाऊन दार लावून घेतलं. मी खुर्चीत बसलो. मुलीची नोकरी माझ्या हाताने गेली असं मला वाटलं. त्याही स्थितीत मी प्रत उलटून मागचं पान पाहिलं, याची मला लाज वाटते. माझं नाव कुठेही नव्हतं. अगदी खाली होतं : ‘तपासले. ४७.’

नऊ वाजता अण्णांची जीप आली. अण्णा चहाला नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

“साहेब, तुमी हे काय करून ठिवलं?”

“अण्णा, चूक माझी आहे. तृप्तीचा यात काही...”

“तिचं सोडा! विहिरीचं काय? अकरा वर्सं मी भावांना सांगतोय, विहीर माझी एकट्याची हाय. आज सकाळच्याला दोघंबी हजर. म्हनले, तुझ्याच युनिव्हर्सिटीनं छापलंय, सामाईक! रंगीत छापलंय! मी काय बोलू?”

“सातबाऱ्यावर तसंच आहे, अण्णा.”

“सातबारा कोन वाचतंय हो? हे तर घरोघर गेलं!”

कांदाचाळीबद्दल ते काही बोलले नाहीत. भाच्याबद्दल एवढंच म्हणाले की त्याच्या आईने दहा प्रती मागितल्यात. जाताना तृप्तीच्या बंद दाराकडे बघून म्हणाले, “पोरीला सांगा, उद्या मला भेटून जा.” हे वाक्य आम्ही तिघांनी दिवसभर वेगवेगळ्या अर्थांनी लावून पाहिलं. एकही अर्थ चांगला निघाला नाही.

सोमवारी तृप्तीबरोबर मीही गेलो. फाटकाशी एसटीतून उतरलेली माणसं उभी होती. निफाडची, चांदवडची, दोन-तीन कुटुंबं देवळालीची. मंगळू त्यांना रांगेत लावत होता. एका बाईंच्या हातात तो गुळगुळीत कागद घडी करून धरलेला होता. बरोबर मुलगी. त्यांनी मंगळूला विचारलं, “ती आतून लागणारी कडी कुठल्या खोलीची? मला वढून बघायचीय.”

मला आठवलं, मी लिहिलं होतं : ‘मुलींचे वसतिगृह : दहा खोल्या. सर्व कड्या आतून लागतात. ओढून पाहिल्या. पाच नंबरची सैल होती, दुसऱ्या दिवशी सुताराने बसवली, पुन्हा ओढून पाहिली.’ आणि भोजनगृहाखाली : ‘वरण पातळ. भाकरी उत्तम. दुसऱ्यांदा मागितली तर कोणी तोंड वाकडे करत नाही.’ नोकरीखाली : ‘तेवीसपैकी एकोणीस नोकरीत, दोघे स्वतःच्या धंद्यात, एकीचे लग्न झाले, एकाचे उत्तर आले नाही.’

पागोटं बांधलेले एक गृहस्थ दुसऱ्याला समजावत होते, “बाकीच्या कालेजांचे कागद बघ. समदीकडं समदं चांगलंच. असं कुठं आसतंय व्हय? हितं वरान पातळ हाय म्हनून सोताच सांगत्यात. मंग भाकरी चांगली आसनारच.”

त्या वर्षी साठ जागांना दोनशे अर्ज आले. त्या सोमवारी अण्णांनी ती रांग पाहून तृप्तीला पालकांना वर्ग दाखवायच्या कामाला लावलं आणि पुढे कायमचं पत्र दिलं. कारण असं की पालक तिचा वर्ग बघायला येऊन मुद्दाम पाचव्या बाकावर बसत, आणि ती आता खणखणीत आवाजात, सावकाश शिकवत होती. घरी मात्र पहिल्यासारखीच बोलते. वरण घट्ट झालं. कडुनिंबाची फांदी छाटली गेली, कारण तिचीही नोंद होती. पुढच्या मोसमात अण्णा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, “साहेब, दुरुस्त्या करून बसलो आन् आता दावायला काय ऱ्हायलंच नाय. चार-दोन उनिवा मनानं टाका की. तुमच्या हाताला खरेपना हाय.” मी नाही म्हणालो. न तपासलेली उणीव मी कशी लिहिणार?

म्हणजे सगळ्यांचं भलं झालं. माझं राहिलं. गावभर एकच चर्चा, हा ४७ कोण? गायधनींचं मत पडलं की माझा मजकूर मागे पडला आणि छापला गेला तो दुसऱ्याच कोणाचा; दिल्लीहून एक गुप्त अधिकारी नेमलेला असतो, त्याला नाव टाकायची परवानगी नसते. मी दोन आठवडे ऐकून घेतलं. शेवटी त्यांना गच्चीवर गाठून म्हणालो, “गायधनी, तो ४७ मी आहे.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “ताजनपुरे, तुम्ही असतात तर नाव टाकलं नसतंत का? सहा-सहा प्रकारांनी लिहून बघत होतात, वहिनींनी सांगितलंय मला.” मी खाली आलो आणि उज्वलाने विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं दुखत नव्हतं. वाईट वाटत होतं.

त्याच वर्षी जूनमध्ये एका दुपारी बेल वाजली. दारात केरू. देवळाली कॅम्पहून सायकलीवर आला होता, तीच जुनी सायकल. निवृत्तीनंतर आमची गाठ पडली नव्हती. तो आत आला, पाणी प्यायला आणि पिशवीतून तो गुळगुळीत कागद काढून टेबलावर ठेवला. कडा मळलेल्या होत्या.

“नातीला घालायचंय तिथं,” तो म्हणाला. “कागद वाचला. ‘वढून पाहिली, पुन्हा वढून पाहिली.’ खाली नंबर बघायच्या आधीच हिला म्हनलं, हा आपला ताजनपुरे.”

मी म्हणालो, “नाव राहिलं, केरू. छापायचं होतं.”

“आपल्याकडं कुठं आसतंय नाव?” तो सहज म्हणाला. मग खिडकीजवळ गेला, कागद उजेडात धरला आणि बराच वेळ बघत राहिला. “मी जाऊन आलो दोन दिवस. जेवलो. समद्या कड्या वढल्या. विहिरीचा दोर आता बदलाय झालाय, तेवढं सांग त्यांना. बाकी बराबर हाय.”

त्याने खिशातली पेन्सिल काढली, कागद टेबलावर नीट सरळ केला आणि माझ्या ४७ च्या खाली ४६ घातला.

चहा घेऊन तो गेला. ती प्रत मी कपाटात ठेवली आहे. अण्णांना दोराचं त्याच दिवशी कळवलं.